झुंबरबाईनं हात वर केला

आमच्या गावाला उगा नावं ठेवू नका. झुंबरबाईला कुणी मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. तिचं तिनंच करून घेतलं.

उन्हाळ्यात घोडेगावावरनं प्राची नावाची पोरगी आली. देवळाफुडं सगळ्यांना बसवून म्हणली, "सरकारनं पैसा घालून आभाळात बारीक पूड फवारली, तर ऊन कमी लागेल. तुम्हाला पटतंय का? मी फक्त मत विचारतेय."

गोरखभाऊ म्हणला, "अन् पाऊस बिघडला तर खायचं काय, पूड?" सगळी खदाखदा हसली.

एकट्या झुंबरबाईनं हात वर केला. तिचा पोरगा जानकू आदल्या वैशाखात रानात उन्हानं भोवळ येऊन पडला, तो उठलाच न्हाई. "ऊन कमी व्हत असंल तर करा बाई," म्हणली. काय ही अक्कल!

फुडं जून कोरडा गेला. पूड कुणी फवारली नव्हती, मला बी ठावं व्हतं. पण गोरखभाऊ म्हणला, "हात कुणी वर केला व्हता?" झालं!

पाऊस आला, लई उशिरा. आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं करत्यात, आज माझ्या खाचरात सारं गाव, उद्या तुमच्या. झुंबरबाईच्या बांधावर मातर कुणी फिरकलं न्हाई. घरात ती अन् सून आरती, तिच्या कडेवर तान्हं. दोघी किती लावणार? रोप वाफ्यातच हातभर वाढलं, आणखी थांबलं तर वाया जाणार. वर्साचं खाणं त्यातच व्हतं.

ती माझ्या दारात आली. "वहिनी, काय करू म्हंजे याल?"

"गोरखभाऊला इचार," मी म्हणले.

गोरखभाऊनं सांगितलं, "पाऊस माझ्यामुळं लांबला, असं देवळाफुडं कबूल कर. मग येतो समदी."

तिनं सगळ्यांफुडं पदर पसरला. "माझ्यामुळंच लांबला बाबांनो. चुकले. आता तरी या." रडत व्हती.

गोरखभाऊ उठला. "ऐकलं न्हवं? तिच्याच तोंडानं! आता असल्या बाईच्या खाचरात पाय कोण घालणार?"

"तुमीच बोलाय लावलं!" आरती किंचाळली. कुणी तिच्याकडं बघितलं न्हाई. आमी घरी गेलो.

माझ्या एका खाचराला रोप कमी पडलं व्हतं. दुसऱ्या दिशी मी झुंबरबाईकडं मागितलं. तिनं उपटून दिलं. गोरखभाऊ म्हणला, "रोपाचा काय दोष?"

लावायला माझ्या खाचरात सारं गाव आलं.