मधली काच

भिंतीवरच्या तीन काचांपैकी मधली काच पुन्हा तडकलेली दिसली आणि बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा, हे महत्त्वाचं. पहिल्यांदा तडकली तेव्हा तिनं ते प्रकरण निस्तरलं होतं, आणि निस्तरलं म्हणजे गुपचूप झाकलं होतं.

बारकी म्हणजे कोणी पोर नव्हे. चांगली बावन्न वर्षांची चित्रकार बाई, गुडघे कुरकुरणारी. पण थोरला भाऊ बारकी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. हा दादा आर्किटेक्ट. वाचनालयाच्या जुन्या इमारतीवर नवा मजला चढवायचं काम त्याचं, आणि खालच्या वाचन-दालनातली मोठी भिंत बहिणीला रंगवायला मिळावी म्हणून समितीपुढे शब्द टाकला तोही त्यानंच. एवढी भिंत तिला जन्मात मिळाली नव्हती. आजवर दवाखान्यांमध्ये ससे आणि बालवाड्यांमध्ये इंद्रधनुष्यं इतकी काढून झाली होती की ससा नुसता दिसला तरी तिचं डोकं उठायचं.

या भिंतीला लागून दादानंच बसवलेला एक लाकडी जिना वरच्या सज्जात जात होता. बारकीनं तो जिना भिंतीवर पुढे नेला. त्याच मापाच्या पायऱ्या, तसाच कठडा, आणि त्यावरून वर निघालेली माणसं. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या काखेत छत्री, एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल. खऱ्या जिन्यावर कोणी चढायला लागलं की खालून बघणाऱ्याला वाटे, हाही निघाला त्यांच्याबरोबर. दादानं ते पाहिलं तेव्हा तो बोटानं एकेक पायरी मोजत गेला. मग म्हणाला, "माझ्या जिन्याला बावीसच पायऱ्या होत्या गं. तू कुठवर नेलास!" त्या एका वाक्यावर ती महिनाभर हवेत होती.

पण त्या भिंतीत, जिन्याच्या वरच्या टोकाजवळ, केसाएवढी एक भेग होती. दादानं सुरुवातीलाच तिच्यावर काचेच्या तीन पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे थापून, वर तारीख घालून. काच वाकत नाही. भिंत जराशी जरी सरकली तरी ती तडकते.

"या माझ्या चहाडखोर पोरी," तो म्हणाला होता. "यांना हात लावायचा नाही. एक जरी तडकली तरी काम बंद, दालन बंद, आणि प्लास्टर खरवडून आत काय आहे ते बघायचं."

"माझं चित्र खरवडणार?"

"तुझं काय नि माझं काय, भिंत आधी."

महिन्याभरापूर्वी मधली काच तडकलेली दिसली ती एका सकाळी. आदल्या दिवशी बारकीनं चाकांची परांची त्याच बाजूला ओढली होती. हिचाच पाइप लागला असणार, तिनं ठरवून टाकलं. आवाज झाल्याचं तिला आठवत नव्हतं, पण नको ते आठवायचं नाही हे माणसाला छान जमतं. तिनं फोटोच्या चौकटीतली काच कापून नवी पट्टी केली, नवे गोळे लावले आणि दादाच्या तिरप्या अक्षरात जुनीच तारीख घातली. दुसऱ्याचं अक्षर काढणं हा तिच्या डाव्या हातचा मळ. आठवड्यानं दादा आला, त्यानं टॉर्च मारून तिन्ही काचा पाहिल्या, अहवालात 'भिंत स्थिर' असं लिहिलं आणि सही केली. बारकीचा जीव भांड्यात पडला.

आणि आज तिनं लावलेली काच तडकली होती. परांची गेले चार दिवस दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी होती. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

नव्या मजल्याचं आणि चित्राचं उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं. परीक्षा तोंडावर असल्यानं वाचन-दालन बंद ठेवलेलंच नव्हतं. भिंतीखालच्या टेबलांवर चाळीसेक मुलंमुली पुस्तकांत डोकं घालून बसली होती. बारकीच्या पिशवीत काच कापायचं हत्यार होतं, चौकटीतली उरलेली काचही होती. तीन दिवस तर काढायचेत, तिच्या मनानं उचल खाल्ली. एकदा लोकांनी चित्र पाहिलं की मग सांगू. खोटं कशाला बोला, तिनं हत्यार बाहेरही काढलं.

तेवढ्यात खाली एका मुलीनं आळस दिला, खुर्ची मागे सरकवली आणि पाठ आरामात भिंतीला टेकवून ती वाचायला लागली. बारकीनं हत्यार पिशवीत टाकलं आणि त्या मुलीपाशी जाऊन म्हणाली, "बाळा, तिथं नको बसूस." मग दादाला फोन लावला.

दादा अर्ध्या तासात आला. ती त्याला जिन्यावर घेऊन गेली.

"मधली तडकली आहे," ती म्हणाली. "आणि ती तुझी नाही. तुझी महिन्यापूर्वीच तडकली होती. ही मी लावली."

दादा काचेकडे बघत राहिला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी प्लास्टर थापतो ते कसंतरी, बोटांचे ठसे उमटवून. हे बघ, कसं लोण्यासारखं गुळगुळीत केलंयस. तुझ्याशिवाय कोण करणार?"

"मग सही का केलीस?" तिचा आवाज चिरकला. खालच्या दोनतीन माना वर झाल्या.

दादानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "बारकीचं चित्र आहे, एवढं होऊन जाऊ दे, असं स्वतःला सांगितलं. पण ते काही खरं नाही. वरचा मजला माझा आहे. भिंत सरकतेय म्हणजे माझा हिशेब चुकलाय. तुझ्या चित्राआड लपायला मला बरं पडलं."

तिला त्याचा असा राग आला की स्वतःचं कृत्य ती क्षणभर विसरूनच गेली. मग ते आठवलं.

दालन रिकामं करायला ग्रंथपालबाई धावल्या. जन्मभर 'शू' म्हणत आलेल्या त्या बाईंनी असा काही आवाज लावला की मुलं पुस्तकांसकट अंगणात पळाली. दादानं गाडीतून छिन्नी आणि हातोडी आणली, पण छिन्नी टेकवायची तर भेग नेमकी त्या मूल घेतलेल्या बाईवरून गेलेली. त्याचा हात काही चालेना.

"जरा बाजूनं उघडू," तो म्हणाला.

"भेग बाजूला नाहीये, दादा. आण इकडे."

तिनं पहिला घाव घातला तो बाईच्या खांद्यावर. रंग, प्लास्टर, मूल, सगळं पायऱ्यांवर पडलं. चारपाच घावांत विटा दिसल्या. विटा मधोमध दुभंगल्या होत्या. बारकीनं करंगळी घातली, ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली.

"वरचा मजला उतरवावा लागेल," दादा म्हणाला. "आणि ही भिंत पाडावी लागेल."

"सगळी?"

"सगळी."

ती पायरीवर बसली आणि लहान मुलासारखी रडली. चित्रासाठी रडली, हे कबूल केलं पाहिजे. चाळीस मुलांचा विचार नंतर आला, आणि मग तिला स्वतःची लाज वाटली. दादा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

थोड्या वेळानं त्यानं समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. भिंत सरकतेय, दालन बंद केलंय, उद्घाटन होणार नाही, सगळं नीट सांगितलं. मग तिन्ही काचा शाबूत असल्याचा अहवाल कसा दिलात, असं पलीकडून विचारलं गेलं. दादा म्हणाला, "काच मीच बदलली होती, साहेब. बहिणीचा यात काही संबंध नाही."

लहानपणी फुटलेल्या बरण्या, हरवलेल्या किल्ल्या, शेजाऱ्यांच्या रंगवून ठेवलेल्या भिंती, हे सगळं दादानं असंच आपल्या अंगावर घेतलं होतं. आणि तिनं घेऊ दिलं होतं.

"फोन दे," बारकी म्हणाली. तो देईना, तेव्हा तिनं तो त्याच्या हातातून काढूनच घेतला. "साहेब, मी बोलतेय. काच मी बदलली. तारीखही मीच घातली, त्याच्या अक्षरात. तो खोटं सांगतोय."

मग अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "सही करताना तुमच्या भावाला हे माहीत होतं का?"

बारकीनं दादाकडे पाहिलं. फोनमधला आवाज त्यालाही ऐकू गेला होता. नुसतं 'नाही' म्हटलं की तो वाचला असता. त्यानं आजवर तिला इतक्या वेळा पाठीशी घातलं होतं, की तिच्याकडून एवढं तरी व्हायला हवं होतं. त्यानं डोळ्यांनी काही खुणावलं नाही. तो कठड्याला धरून, अंगणातल्या मुलांकडे बघत उभा होता.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."