नऊ नंबरचं बटण

रामप्रसादनं सवयीनं नऊ नंबरचं बटण दाबलं आणि पावतीवर मंगलचं नाव छापून आलं. मंगलला जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

काट्यावर सटवाची बैलगाडी उभी होती, उसानं भरलेली. सटवा खिडकीशी आला आणि त्यानं पावती हातात घेतली. त्याला वाचता येत नव्हतं, पण नावाच्या जागी दोन ओळी आहेत एवढं त्याला कळत होतं.

"तिचं नाव आलं का सायेब?"

"चुकून आलं रे. बटणात भरलेलं होतं. थांब, काढून टाकतो."

"कावून काढता? ऱ्हाऊ द्या."

रामप्रसाद साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कंत्राटी ऑपरेटर होता. त्याच्या टर्मिनलच्या कीबोर्डवर वरच्या बाजूला बटणांची एक जादा ओळ होती. या बटणांना स्वतःचं असं काही काम नव्हतं. सेटअप दाबायचं, बटण निवडायचं, हवा तो मजकूर टाइप करून साठवायचा. मग ते एक बटण दाबलं की सगळा मजकूर आपोआप पावतीवर उतरतो. दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर त्यात नुसते गाडीचे नंबर भरत. रामप्रसादनं नावं भरली होती, आणि तीही जोडीनं.

त्याला कारण मंगलच. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई बरोबरीनं ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, आणि पावतीवर नाव मात्र एकट्या गाडीवानाचं. मागच्या हंगामात मंगल एकदा खिडकीशी येऊन म्हणाली होती, "आमी काय जत्रंला आलोत का सायेब?" बोलणं थट्टेचंच होतं, पण रामप्रसादच्या जिव्हारी लागलं. त्याच दिवशी त्यानं युवराज मुकादमाच्या टोळीची सगळी बटणं नव्यानं भरली. सटवा आणि मंगल नऊ नंबरला आले. आयुष्यात आपण केलेलं एवढं एकच शहाणपणाचं काम, असं तो बायकोला अधूनमधून ऐकवायचा.

आणि आता फळीवरून पाय सटकून मंगल मोळीसकट खाली आली होती आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपली होती.

"नाव गेलं की मी अर्धा कोयता झालो," सटवा म्हणाला. "मुकादम अर्धा कोयता ठिवत न्हाई. पोरीच्या हातात कोयता दील, न्हाईतर कुणाच्या तरी गळ्यात बांधील तिला. मनिषा शाळंत जाती सायेब, आठवीत हाय. हंगाम सरंपतोर ऱ्हाऊ द्या तिच्या आईचं नाव."

रामप्रसादनं ते राहू दिलं. एका बटणानं एखादी पोर शाळेत राहत असेल तर आपलं काय जातं, असं त्याला वाटलं.

पण नाव खोटं बोललं तरी काटा खोटं बोलत नाही. सटवा एकटा तोडायचा, एकटाच मोळ्या बांधायचा आणि त्याच फळीवरून एकटाच चढवायचा. त्याची गाडी उशिरा येऊ लागली, मग निम्मीच भरून येऊ लागली, मग एक दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीशी मुकादम युवराज आला. त्याच्यामागं सटवा मान खाली घालून उभा होता.

"मेलेली बाई ऊस तोडती का बे, रामप्रसाद?"

रामप्रसादनं टेबलावरचा पावत्यांचा गठ्ठा सरळ केला.

"ते बटण मोकळं कर. शेजारच्या टोळीतला नांदूरघाटचा प्रविण माझ्या टोळीत येतोय. त्याची माय जोडीला होती, ती हातरुणाला खिळली. त्याचं अन् सटवाच्या पोरीचं लावून देतोय. त्याचा कोयता पुरा व्हतो, हिचं बी पोट भरतं."

"चौदा वर्साची हाय ती, मुकादम," रामप्रसाद म्हणाला.

"तुला काय पोरं मोजायला ठिवलंय? ऊस मोज."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं रामप्रसादनं पाहिली होती. पण हा तर ते पुण्याचं काम असल्यासारखं सांगत होता. रामप्रसादनं सटवाकडं पाहिलं. "तू बोल की. तुझी पोर हाय."

"काय बोलू सायेब," सटवा म्हणाला. "मला एकट्याला व्हईना. अन् शाळा सुटली की पोर खोपीत एकलीच ऱ्हाती. टोळीत सगळ्याच नजरा बऱ्या नसत्यात."

सटवा म्हणत होता ते खोटं नव्हतं, आणि याचीच रामप्रसादला सगळ्यात जास्त चीड आली.

मुकादमाची पाठ वळताच त्यानं मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. हेल्पलाइनची गाडी आली, गाडीतून दोन बायका आणि एक पोलीस उतरले. तोवर एका वस्तीवरच्या देवळात लग्न लागूनही गेलं होतं. युवराजनं पोरीचं आधार कार्ड पुढं केलं. त्यावर वय एकोणीस होतं. बायकांनी सटवाला विचारलं. त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं, एकोणीस. मनिषाला विचारलं, तेव्हा तिनं बापाकडं पाहिलं आणि तीही जमिनीकडं बघू लागली. गाडी आल्या वाटेनं परत गेली.

"आता तरी भरतो का न्हाई?" युवराज खिडकीशी येऊन म्हणाला. "नऊ नंबरला प्रविण अन् मनिषा. न्हाई जमत तर सांग, तुझ्या खुर्चीसाठी लई जण रांगंत हायत."

सरड्याची धाव कुंपणापर्यंत. रामप्रसादचं कुंपण म्हणजे ही बटणांची ओळ. त्यानं सेटअप दाबलं, नऊ नंबर निवडला. जुना मजकूर शेवटाकडून पुसत जायचा, त्यामुळं आधी मंगल गेली, मग सटवा. पडद्यावरची जागा मोकळी झाली. बायको, आजारी वडील, मुलाचं कॉलेज, सगळे त्याला आठवून गेले. मग त्यानं टाइप केलं: प्रविण. त्याखाली: मनिषा, इयत्ता आठवी. आणि साठवलं.

पावती तीन प्रतींत निघायची. एक गाडीवानाला, एक मुकादमाला, एक कारखान्याच्या ऑफिसात. खोटं वय कार्डावर चालत असेल, तर खरी इयत्ता पावतीवर का चालू नये. मुकादम आपल्या टोळीच्या पावत्या संध्याकाळी गोळा करायचा. त्यानंतर या खुर्चीत आपण नसणार हे रामप्रसादला पक्कं ठाऊक होतं. त्याला राग आला होता, आणि लाजही वाटत होती.

दुपारी त्या दोघांची गाडी काट्यावर चढली. प्रविण बैलांच्या कासऱ्याशी उभा होता, विशीतला, लाजलेला, काय करावं ते न कळणारा पोरगा. मनिषा पावतीसाठी खिडकीशी आली. तोडीच्या बायका घालतात तसा साडीवरून तिनं आईचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला होता, आणि तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. बाह्यांतून हिरव्या बांगड्या दिसत होत्या. उसाच्या पाचटानं दोन्ही हात कापलेले होते.

रामप्रसादनं बटण दाबलं. पावती निघाली, ती त्यानं तिच्या हातात दिली.

तिनं ती वाचली. मग तिथंच उभी राहून पुन्हा वाचली. मागचा गाडीवान ओरडायला लागला तरी ती हलली नाही.

"काय लिव्हलंय गं?" प्रविणनं तिकडून विचारलं. त्याचाही अक्षराशी फारसा संबंध नव्हता.

"नावं हायती," ती म्हणाली. "तुमचं अन् माझं."

मग ती खिडकीच्या गजांशी आली आणि तिनं हलक्या आवाजात विचारलं, "सायेब, उद्याबी असंच छापून येईल ना?"

"येईल," रामप्रसाद म्हणाला.

तिनं पावतीची बारीक घडी केली, सदऱ्याच्या आत खोचली आणि बैलांच्या पुढं चालायला लागली.