मातीची गाडी डांबरावर

हो, मीच बोलतेय! ही कोपऱ्यात उभी असलेली उंच, सडपातळ, लाल मोटारसायकल. मला पाहून लोक आधी हसतात, मग विचारतात, "हिच्यावर चढायचं तरी कसं?" त्यांचं काही चुकत नाही. मला घडवलंच मुळी चिखलासाठी आणि उभ्या चढांसाठी. उंचावरून उडी मारली तरी हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून लांबलचक शॉक अब्झॉर्बर, दगडाचा मार बसू नये म्हणून इंजिनाखाली जाड पत्रा, आणि टायरांवर अंगठ्याएवढे रबरी गुटके.

माझा पहिला मालक मला डोंगरात पळवायचा. काय दिवस होते ते! घरी यायचो तेव्हा दोघांचेही फक्त डोळे स्वच्छ असायचे. पण एका उडीत त्याचा गुडघा कायमचा दुखावला आणि त्याने मला थोरल्या बहिणीच्या दारात आणून उभं केलं.

"ताई, हिला विकवत नाही गं. तू चालव."

ही ताई लिफ्ट दुरुस्त करते. कुठे लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकली, की तिचा फोन वाजतो आणि ती हत्यारांची पिशवी पाठीला लावून निघते. तिच्या स्कूटरने नुकताच राम म्हटला होता, म्हणून मी घरात आले. तिचे पाय माझ्यावरून जमिनीला पुरत नसत. सिग्नल लागला की ती मला फुटपाथला चिकटवायची आणि एक पाय वर टेकायची. नवरा म्हणाला, "उंट घेतलास, आता शिडीही घे."

"शिडी आहे माझ्याकडे," ताई म्हणाली, "ऑफिसची!"

गॅरेजवाले काका मात्र हसले नाहीत. "हा मातीचा जीव आहे, ताई. डांबरावर रोज पळवलीस तर वर्षभरात खुळखुळा होईल."

"काय केलं तर नाही होणार, तेवढं सांगा."

काकांनी सांगितलं: ऑइल लवकर लवकर बदल, गर्दीत तापली की इंजिन बंद कर, चेन कोरडी पडू देऊ नकोस आणि हे टायर आधी काढ. ताईने सगळं ऐकलं. टायरांचं तेवढं राहून गेलं. सपाट रस्त्यावर माझे गुटके भुंग्यासारखे गुणगुणायचे आणि खोडरबरासारखे झिजायचे. एकदा टँकरमधून सांडलेल्या पाण्यावर वळताना ते सटकले आणि आम्ही दोघी सपशेल आडव्या! तिचं कोपर सोलवटलं, माझं हँडल वाकलं. दुसऱ्याच दिवशी मला रस्त्याचे गुळगुळीत टायर आले. खरं सांगते, मला रडू कोसळायचंच बाकी होतं. डोंगरातल्या पोरीला कुणी लग्नातले बूट घालावेत, तसं वाटलं.

आणि मग तो दिवस आला. भर दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. सिग्नल बंद, चौक तुंबलेले. एका इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. लिफ्टमध्ये एक आजोबा आणि आजी अडकले होते. आजोबांना ऑक्सिजन लावलेला आणि सोबतचा सिलिंडर संपत आलेला. दुसरा सिलिंडर वर घरात होता, पण लिफ्टचं दार कुणालाच उघडेना. कंपनीची व्हॅन कुठल्या तरी पुलावर खोळंबली होती.

ताईने किक मारली. मोटारींच्या फटींतून आम्ही सुसाट निघालो, आणि शेवटच्या वळणावर समोर अख्खा रस्ता खोदलेला! पाइप टाकायला केलेला रुंद खड्डा, तळाला चिखल.

"अहो ताई, इथून मांजरसुद्धा जात नाही!" एक कामगार ओरडला.

"मांजर नाहीये ही," ताई म्हणाली आणि सीटवरून उठून उभी राहिली.

आई शप्पथ, माझं इंजिन आनंदाने किंचाळलं! आम्ही उतारावरून खाली झेपावलो. पण पायांत ते बूट! मागचं चाक भलतीकडेच निघालं. ताईने अंग मागे टाकलं, क्लच हलकेच सोडला. धाडकन एक दगड खालच्या पत्र्यावर आदळला, पत्र्याने तो झेलला. मी मातीला नखं रोवावीत तशी चिकटले, घसरले, पुन्हा चिकटले आणि आम्ही पलीकडे वर! मागे कामगारांनी शिट्ट्या वाजवल्या.

ताई जिना चढत धावली. मी खाली टिक टिक करत निवत उभी राहिले, कान सगळे वर. बराच वेळ काहीच नाही. मग लोखंडी दार सरकल्याचा आवाज, आणि आजींचा हुंदका, "आलो, आलो बाहेर!" पाठोपाठ आजोबांचा थकलेला, पण चांगलाच चिडका आवाज: "अगं, रडतेस काय? आधी तो सिलिंडर लाव!"

नंतर आजी मुद्दाम खाली आल्या, मला हात लावायला. "आई गं, भाजलं! तापलीय किती बिचारी!"

वर्ष कधीच उलटून गेलं आणि काकांनी परवा माझं इंजिन उघडलं. कितीतरी वेळ बॅटरीच्या उजेडात आत बघत राहिले आणि म्हणाले, "खुळखुळा कुठला, अजून ठणठणीत आहे." त्यांनी नव्या रिंगा घातल्या, वॉल्व्ह जुळवले. रंग उडालाय माझा, सीटला ठिगळ आहे. पण एका किकमध्ये सुरू होते हो!

थांबा, ताईचा फोन वाजतोय. हेल्मेट घेतलंच तिने. मागून माझा आवाज आला, तर तेवढं जरा बाजूला सरका. दोन मजल्यांच्या मध्ये कुणीतरी आमची वाट बघतंय!