लाभ, दोन, तीन

सुलक्षणाने तेवता दिवा परातीसकट वीतभर भिंतीकडे सरकवला, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि रिकाम्या जागेत पाय फाकवून उभी राहिली.

"दिव्याक हात लावलंस?" वनमाला आत्या तांदूळ निवडता निवडता ओरडली. "बापाशीक जावन सा दिस झाले नाय, आणि ही नमस्कार घालूक उभी!"

"नमस्कार नाही गं आत्या. बैठका. बैठकांना कुठलं सुतक?"

आत्या पुन्हा तांदूळ निवडू लागली. सुतकात देवाला नमस्कार नाही, माणसालाही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बैठकांबद्दल मात्र तिच्या कुडाळच्या शास्त्रात कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं.

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतली ती खोली, दहा बाय बारा. जिथे बाबांची लोखंडी कॉट होती, तिथे आता पिठाच्या परातीत दिवा होता. बैठका मारायला जागाही नेमकी तेवढीच. कॉट उभी करून गॅलरीत ठेवली होती, आणि येणारे-जाणारे तिला वळसा घालून आत येत.

गिरणीतल्या कापसाने बाबांची छाती धरली तेव्हा सुलक्षणा दुसरीत होती. पुढे डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम सांगितले. एकट्याने करायचा बाबांना कंटाळा, म्हणून तीही शेजारी उभी राहू लागली. पाच श्वासांत ते खाली बसायचे. ती बसायचीच नाही.

"माझं खातं बंद पडलं," ते म्हणायचे. "तुझं चालू राहू दे."

मग ते कॉटवरून मोजायचे आणि ती दहा सूर्यनमस्कार घालून बैठका मारायची. रोज. परीक्षा असो, पाहुणे असोत, ताप असो. दहावीत येईपर्यंत शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये तिच्या मांडीची थाप मैदानाच्या पलीकडे ऐकू जाऊ लागली. बाबांची एकच मागणी होती. शंभर, एका दमात.

"दम माझ्याकडे नाय," ते हसायचे, आणि हसता हसता खोकायचे. "तो तू दाखव."

चौऱ्याऐंशीपर्यंत ती पोचली होती. त्यानंतरच्या मंगळवारी बाबा गेले.

"एक," ती म्हणाली आणि खाली बसली. "दोन. तीन."

प्रत्येक बैठकीसरशी दिव्याची ज्योत वाकत होती. स्टोव्हपाशी बसलेली आई ज्योतीकडे बघत होती, मुलीकडे नाही. आई सहा दिवसांत जेमतेम सहा वाक्यं बोलली असेल.

एकवीसला शेजारची चंपाकाकी चहाची किटली घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

"अगंबाई! हे काय? बाप गेला त्याचं काही आहे की नाही पोरीला? डोळ्यांत टिपूस नाही, आणि पैलवानकी चाललीय!"

"चहा ठेवा काकी," सुलक्षणा खाली जाता जाता म्हणाली. "बावीस. दमलात ना जिना चढून? तेवीस. रोज दहा मारा, बरं वाटेल."

किटली जरा जोरातच टेकली. चंपाकाकी गेली. आत्याने तोंडाला पदर लावला, तो हसू लपवायला की काय, कळलं नाही.

अडतीसला सुलक्षणा थांबली. काल चाळीसला थांबली होती, परवा एकेचाळीसला. मांड्या ठणठणीत होत्या. श्वाससुद्धा फार चढला नव्हता. तिने रागाने गुडघ्यावर बुक्की मारली.

"वाट लागलीय नुसती! कशाला थांबतात हे पाय?"

"सुरवातच चुकता तुझी," आत्या तांदळातून मान वर न काढता म्हणाली.

"म्हणजे? पाय बरोबर आहेत माझे."

"पायांचा कोण बोलता? 'एक' म्हणान कोण मोजूक लागता गो? खळ्यार भात मापताना आमच्या बापाशीन कधी 'एक' म्हटल्यान नाय. तुझो बापूस काय म्हणायचो?"

सुलक्षणाने ओढणीची गाठ सोडली आणि होती तशीच परत बांधली. शेवटच्या महिन्यात बाबांना आकडे बोलवेनात. ते कॉटच्या दांडीवर अंगठीने ठोके द्यायचे, टण, टण, टण. पहिला शब्द मात्र तोंडाने म्हणायचे. तेवढ्यासाठी श्वास राखून ठेवायचे.

"सांग ना," आत्या म्हणाली.

"तूच म्हण," सुलक्षणा म्हणाली. आवाज तिला हवा तसा निघाला नाही, म्हणून ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, "तूच म्हण ना!"

आत्याने सूप बाजूला ठेवलं.

"लाभ," ती म्हणाली.

सुलक्षणा खाली बसली, उठली.

"दोन. तीन."

तोच, बाबांचा हेल होता. तीनवर जरासा रेंगाळणारा. सुलक्षणाने समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर नजर रोवली. गालावरून काय ओघळतंय ते तिने पुसलं नाही. पुसायला थांबावं लागलं असतं.

आई उठली. भिंतीकडे सरकलेल्या दिव्याशी येऊन बसली आणि दोन्ही हातांचा आडोसा तिने ज्योतीला धरला.

आत्या शाळेत गेली नव्हती. विसापर्यंत ती मोजायची, मग तांदळाचा एक दाणा फरशीवर ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. "एकोणीस. वीस." दाणा. "लाभ. दोन." त्यामुळे किती झाल्या हे सुलक्षणाला समजायला मार्ग नव्हता. मांड्या पेटल्या. पोटऱ्या थरथरू लागल्या. घसा कोरडा पडला. शब्द येत राहिला, ती उठत राहिली.

"झाल्या किती?" तिने एकदा धापा टाकत विचारलं.

"बोला नको. दम जाता."

आईने दिव्यापासून हात न काढता मान वळवली. आत्याच्या गुडघ्यापाशी पाच दाणे एका ओळीत पडले होते. आईने ते मोजले. परत एकदा मोजले. पाच विसा शंभर. तिने आत्याकडे पाहिलं.

आत्याने तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि सुपातला पुढचा दाणा चिमटीत घेतला.

"लाभ," ती म्हणाली.