खरेदीखतातले चार हजार

चौलची सुपारीची बाग पद्माताईच्या नावावर झाली तेव्हा तिनं फक्त सही केली होती. वडिलांनंतर बाग धाकटा भाऊ विश्वंभर याच्या नावावर होती; तो म्हणाला होता, "वडिलांमागं तूच राखलीस ना? मग तुझ्याच नावावर असू दे." नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती माहेरी होती, सुपारी वेचत, पाटाचं पाणी फिरवत. तिला बरं वाटलं होतं.

आठ महिन्यांनी, अठ्ठावन्न साली, विश्वंभर मुंबईची कारकुनी सोडून घरी आला आणि अलिबागच्या कोर्टात त्यानं नादारी मागितली. आपल्यापाशी काही उरलेलं नाही, तेव्हा लोकांच्या तगाद्यातून सोडवा, असा अर्ज. रेडिओ, लोखंडी कपाट, सुटाचं कापड, मित्रांना हॉटेलात जेवणं, सगळं उसन्यावर झालेलं.

ताईला हे कळलं ते साक्षीचं समन्स आल्यावर.

"बागेचे चार हजार मला रोख दिले, एवढंच म्हणायचं," विश्वंभर म्हणाला. "तू सही केलीस त्या खरेदीखतात तसंच लिहिलंय."

"आणले कुठून म्हणू?"

"दागिने विकले म्हण."

"कुठले दागिने, विशू?"

तो अंगणात गेला, परत आला. "ताई, मला दुसरी वाट नाही गो."

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. पाणी एका आळ्यात सोडून ती विहिरीशी जाई आणि कशाला आले ते विसरे. भात करपे. मनात सोनाराचं नाव ठरवी, पाटल्यांचं वजन ठरवी, आणि घटकाभरानं तेच वजन आठवत नसे. दोनदा तारीख पुढं गेली. दोनदा ती एसटीनं अलिबागला जाऊन साक्ष न देता परतली, आणि पुन्हा सगळं पाठ करत बसली.

तिसऱ्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्या शेजारी एक वयस्क माणूस टेकला. भागोजी, तळा गावाकडचा, विश्वंभरच्या ऑफिसातला शिपाई. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

"भाऊसायबांना सातशे दिलं," तो म्हणाला. "लेकीच्या लग्नाचं व्हतं. लगीन ऱ्हायलं. मानूस वाईट न्हाय, पन आता समोर आला की मान फिरवतो."

"त्याच्यापाशी खरंच काही नसेल तर?"

"मग काय बोलायचं? गेलं म्हनायचं. पन खरंच न्हाय का, ह्ये मला कोनी सांगत न्हाय."

पुकारा झाला. पद्माताई उठली.

शपथ झाल्यावर घेणेकऱ्यांच्या वकिलानं विचारलं, "बागेचे चार हजार तुम्ही दिलेत?"

विश्वंभर टेबलाकडं बघत होता. सोनाराचं नाव तिच्या ओठापर्यंत आलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्यापाशी कधी नव्हतेच. बागेत राबले ते राबले. पैसे दिले नाहीत."

न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. मालमत्ता बहिणीच्या नावावर दडवून नादारी मागणं हा प्रामाणिकपणा नव्हे, कायद्यानं दिलेल्या सवलतीचा गैरवापर आहे, असं ते म्हणाले.

बाहेर विश्वंभर एवढंच बोलला, "बाग तुझीच राहिली असती." आणि तिला सोडून आधीच्या गाडीनं गेला.

आठवडाभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. मग एका वकिलाला विचारून तिनं रस्त्याकडची अर्धी बाग शेजाऱ्याला विकली.

"माझी बाग विकलीस?" विश्वंभरनं विचारलं.

"कागदावर माझी आहे. तूच केलीस."

पहिले सातशे भागोजीला गेले. बाकीच्यांनी थोडं कमी घेऊन पावत्या दिल्या. विश्वंभर मुंबईला परतला, एका कापडदुकानात लागला.

उरलेली अर्धी त्याच्या नावावर परत करावी म्हणून ताईनं पत्रं घातली. तो खोलीबद्दल लिही, पाण्याच्या रांगेबद्दल लिही, सहीबद्दल नाही. तिसऱ्या वर्षी तो आला. दोन दिवस पाटातला गाळ काढला, तिच्या हातचं जेवला. निघताना तिनं कागद पुढं केला.

"राहू दे," तो म्हणाला. "माझ्या नावावर झाली की मला पुन्हा काहीतरी सुचेल."

तिनं कागद घडी करून डब्यात ठेवला. आपल्याला हलकं वाटतंय की अजून धाकधूक आहे, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही.