सावली नको मला

मला हात लावू नका, भाजेल. मी तापमापक बोलतोय. शिवणकाम करणाऱ्या वहिनींच्या खिडकीबाहेर, पत्र्याच्या छपराखाली टांगलेला. उपड्या बशा एकावर एक रचाव्यात तशी माझी पांढरी काया, आणि आत एक इवलासा जीव, ज्याला हवेचा ताप कळतो.

माझा स्वभाव मुळातच अस्वस्थ. निवांत बसेन तर शपथ! हवा किती तापली ते मोजायचं, लगेच कळवायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा कळवायचं. पोटात काही ठेवायला मला शिकवलेलंच नाही.

माझा जन्म वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाला. जुन्या मासिकांचे गठ्ठे बाजूला सारून ग्रंथपालबाईंनी तिथं एक लांबलचक टेबल मांडलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी माणसं गोळा केली होती. माझ्या आतले भाग महाविद्यालयाने दिले, बॅटऱ्या पालिकेने दिल्या, आणि मला जोडलं ते या हौशी मंडळींनी. निवृत्त टपालवाले काका तारेला डाग देत होते. पहिल्याच फटक्यात त्यांनी बोट भाजून घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्याचा पायगुणच गरम दिसतोय!"

"असू दे गरम," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "दर उन्हाळा मागच्यापेक्षा कडक येतोय. आपण नुसती ओरड केली तर कोण ऐकतंय? आणि पालिका तरी एकटी कुठं कुठं पुरणार? मोजायचं आपण, तपासायचं महाविद्यालयाने, काम करायचं पालिकेने. जी गल्ली जास्त तापेल, तिथली छपरं आधी पांढरी करायची."

पांढरं छप्पर ऊन परतवून लावतं, घर जरा निवतं. एवढं साधं काम. पण रंग थोडा आणि छपरं फार, म्हणून आधी कुणाला द्यायचा हे ठरवायला माझ्यासारखी भावंडं गल्लोगल्ली टांगली गेली. माझ्या वाट्याला वहिनी आल्या.

वहिनींचं घर म्हणजे एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर बेतलेले कपडे, कोपऱ्यात खाट. खाटेवर सासूबाई. सुनेने शिवायचं आणि सासूने बटणं लावायची, काजं करायची, अशी त्यांची वाटणी. सासूबाईंची बोटं झरझर चालायची आणि जीभ त्याहून झरझर.

"हे काय टांगलंय?"

"तापमापक आहे. आपल्याकडे किती उकडतं ते मोजणार."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला विचारायचं, मी सांगितलं असतं. दुपारी ह्या पत्र्याखाली बसलं की वाटतं, मी माणूस आहे की इस्त्रीखालचा कपडा!"

मला त्या आवडल्या. आम्ही दोघं एकाच पत्र्याखाली तापत होतो. फरक एवढाच, की माझं तापणं ऐकायला तिकडे महाविद्यालयात माणसं बसली होती आणि त्यांचं ऐकायला फक्त सून होती.

मी जीव तोडून काम करत होतो. आणि तिथंच माशी शिंकली.

वहिनींचा जीव फार मऊ. मशीन चालवता चालवता त्या खिडकीतून माझ्याकडे बघायच्या. एक दिवस मशीन थांबलं. त्यांनी अस्तराचा उरलेला तुकडा पाण्यात बुडवला, पिळला आणि माझ्या डोक्यावर पांघरला. "दिवसभर उन्हात लटकतंय बिचारं," त्या पुटपुटल्या.

काय सांगू, किती गार वाटलं! आणि किती घाबरलो मी! ओल्या फडक्याखाली हवा थंड झाली आणि मला तीच कळवावी लागली. मला खोटं बोलता येत नाही. माझ्याभोवती जे असेल तेच मी सांगणार. पत्रा तापून तडतडत होता, सासूबाई पदराने वारा घेत होत्या, आणि मी मात्र तिकडे कळवत होतो, इथं बरं आहे, इथं गारवा आहे. ओरडावंसं वाटायचं, पण आकड्यांपलीकडे मला भाषाच नाही. फडकं सुकायचं. वहिनी धावत यायच्या आणि पुन्हा भिजवायच्या.

छपरं रंगवायची यादी लागली तेव्हा आमच्या गल्लीचं नाव शेवटी होतं. "यंदा नाही, पुढच्या उन्हाळ्यात बघू," असं उत्तर आलं. सासूबाईंना मागच्या उन्हाळ्यात दोनदा भोवळ आली होती. पुढचा उन्हाळा त्यांना दिसेल की नाही, हा प्रश्न त्या खोलीत कुणी तोंडाने विचारला नाही. मला मात्र तो ऐकू येत होता.

सुटका केली ती दवाखान्यातल्या सिस्टरने. तो दवाखानाही याच कामात सामील होता. उन्हाने आजारी पडलेली माणसं कुठून येतात हे तिथून पालिकेला कळवलं जायचं. सिस्टरला कोडं पडलं. गल्ली म्हणे सगळ्यात थंड, आणि भोवळ आलेली निम्मी माणसं तिथलीच! ती सासूबाईंचा रक्तदाब तपासायला आली, खिडकीपाशी उभी राहिली आणि तिच्या हातावर पाण्याचा थेंब पडला. तिने वर पाहिलं.

"वहिनी, ह्याच्यावर हे फडकं कशाला?"

"कशाला म्हणजे? उन्हाने बिघडलं तर ग्रंथपालबाईंना काय तोंड दाखवू?"

सिस्टर हसली नाही. तिने वहिनींना खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच... माझ्याच हाताने अख्ख्या गल्लीच्या पायावर धोंडा पाडला?" त्यांना रडू फुटलं. "अगं, माया केलीस, दरोडा नाही घातलास," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर नाही कधी असं फडकं पांघरलंस, एवढंच!"

ग्रंथपालबाई पालिकेच्या इंजिनीअरसाहेबांना घेऊनच आल्या. साहेब माणूस बरा होता, पण नियमाला धरून. "चूक कळली हो," ते म्हणाले, "पण ह्या आकड्यांवर मी सही कशी करू? फडक्याशिवाय आठवडाभराचं मोजमाप द्या. थोडा रंग उरलाय, तो तोवर राखून ठेवतो."

आणि दैव बघा. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं मळभ. ज्या गल्लीने जन्मभर उन्हाला शिव्या दिल्या, तीच आता हात कपाळाशी धरून ऊन शोधत होती. "मेल्यांनो, इतके दिवस कुठं होतात?" सासूबाई ढगांना विचारायच्या. माझा जीव खालीवर होत होता. मी तापेन तर गल्ली निवेल. मी निवांत राहीन तर गल्ली जळेल. असलं आयुष्य कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आठवडा सरत आला तेव्हा ऊन पडलं. कसलं ऊन! पत्रा कडाडला. मी चढत गेलो, चढतच गेलो. गल्लीतली माणसं टपालवाल्या काकांच्या फोनवर माझा आकडा बघत खिडकीखाली जमली. "चढला! अजून चढला!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिस्टरने बजावलं होतं, दुपारी आजींना दवाखान्यातल्या थंड खोलीत आणून बसवा. पण सासूबाई हटून बसल्या होत्या. "आमच्या घराचा आकडा, आणि मीच नको होय?"

वहिनी खिडकीशी आल्या. सवयीने हातात ओलं फडकं होतं. हात माझ्यापर्यंत आला, थांबला. आणि मागे खाटेवरून बटणांचा डबा खाली पडल्याचा आवाज झाला.

खाली टाळ्या चालूच होत्या. वहिनींनी ते फडकं सासूबाईंच्या कपाळावर ठेवलं आणि "सिस्टरला बोलवा!" म्हणून अशी हाक मारली, की गल्ली चिडीचूप झाली. सासूबाईंना उचलून नेलं. मी तिथंच लटकून मोजत राहिलो, कळवत राहिलो. थांबणं माझ्या हातात नव्हतं.

त्या वाचल्या. छपरंही पांढरी झाली. रंगाऱ्यांच्या हाताखाली अख्खी गल्ली राबली. आता माझा आकडा खरोखर उतरलाय, फडक्याशिवाय. पण सासूबाईंच्या हातात कंप राहिला तो राहिलाच. काजं आता वहिनीच करतात, आणि सासूबाई बटणांचा डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसतात. अधूनमधून विचारतात, "काय रे, आज किती?" मी सांगतो. त्यांना ऐकू जात नाही.

मला अजून स्वस्थता नाही. पलीकडच्या गल्लीतली छपरं काळीच आहेत आणि तिथं माझी भावंडं टांगलेली आहेत. तुमच्या खिडकीबाहेर त्यांच्यातलं एखादं असेल तर एवढंच करा: त्याची कीव करू नका, त्याला मनसोक्त तापू द्या. आणि फडकं भिजवलंच असेल, तर आधी मागे वळून खाटेकडे बघा.