आठ दिवसांचा टोप

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना टोप आहे. वय चौदा वर्षं. चुलीवर बसलो ते सगळे दिवस एकत्र केले, तर मात्र चार महिनेसुद्धा भरत नाहीत. बाकीचा काळ मी एका शिसवी पेटीत, बरीच वर्षं कुलपाच्या आत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला काढला आहे. मी कसलाही गुन्हा केलेला नाही. मी पवित्र आहे, एवढंच.

माझा जन्म १९२२ साली रेवदंड्याच्या एका तांबटाकडे झाला. त्याने माझ्या अंगावर जे हजारभर ठोके घातले त्यांना लोक नक्षी म्हणतात. तिथून मला नागावच्या चंद्राबाईंनी घरी आणलं. त्यांचं घर इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. नारळीच्या वाडीत कौलारू घर, मागे विहीर आणि विहिरीजवळ महाळुंगाचं एक झाड होतं. ही महाळुंगं लिंबाच्याच जातीची, पण नारळाएवढी मोठी होत आणि त्यांच्या सालीचा जाडपणा पाहून आत फळ आहे की नाही अशी शंका यावी.

इस्राएली लोकांचा पेसाह नावाचा सण चैत्राच्या सुमारास येतो. त्या आठ दिवसांत घरात गव्हाचं भिजलेलं पीठ, पाव किंवा कसलंही खमीर कणभरही चालत नाही. रोजच्या भांड्यांना ते वर्षभर लागलेलं असतं, म्हणून सणाची भांडी वेगळी. आठ दिवस ती वापरायची आणि नवव्या दिवशी कुलपात. माझं काम एकच. सणाच्या पहिल्या जेवणासाठी माझ्यात महाळुंगाच्या वड्या शिजत. जेवण मटणाचं, त्यावर दुधातुपाचं गोड त्यांच्यात चालत नाही, म्हणून सालीच्या जोडीला ओलं खोबरं. खाणारे वाहवा करत. आठ दिवस मी फळीवर मानाने बसे.

त्या जेवणाआधी एक कथा वाचतात. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते आणि त्यातून ते कसे सुटले, याची ती कथा. मी दर वर्षी ती मनापासून ऐकतो, आणि आठवडा संपला की पेटीत जातो.

कथा वाचायचा चंद्राबाईंचा एकुलता मुलगा. १९२६ च्या पावसाळ्यात तो तापाने गेला. मागे राहिल्या चंद्राबाई आणि त्यांची सून राही, वय बावीस, मूलबाळ नाही. घरात वाचता येणारी आता ती एकटीच, म्हणून पुढच्या सणाला कथा तिने वाचली. "आणि ते मोकळे झाले" या ओळीवर ती थोडी थांबली. चंद्राबाईंनी तिला पुढं वाच म्हणून सांगितलं.

तुम्हाला वाटेल, हा पेटीतला टोप, याला बाहेरच्या गोष्टी कशा कळतात? ऐकण्याखेरीज आम्हाला दुसरा उद्योग नसतो, मित्रांनो. पेटी माजघरात होती आणि माजघरात सगळं बोललं जाई.

राहीला मुंबईच्या एका बायकांच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. त्यांना तिचा मराठी सातवी पास झाल्याचा दाखला हवा होता, अस्सल, नक्कल नको. दाखला होता. तिच्या वडिलांनी तो फाटू नये म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवून दिलेला. तिने सासूला सगळं सांगितलं. मग श्रावणातल्या एका दुपारी, राही विहिरीवर गेलेली असताना, माझ्या पेटीचं कुलूप वाजलं.

मला वाटलं, सण आला. लुगडं सुटलं, उजेड दिसला, वर चंद्राबाईंचा चेहरा. त्यांनी माझ्यात पुठ्ठ्याचा तो कागद पालथा ठेवला, लुगडं पुन्हा गुंडाळलं आणि झाकण पडलं. सणाखेरीज ही पेटी उघडायची नाही हा नियम त्यांनीच घातलेला. तो त्यांनीच मोडला, आणि वर चावी कमरेला खोचली.

पुढे घरभर शोधाशोध झाली. फळ्या, उशा, धान्याची कणगी, सगळं पाहून झालं. राहीने एकदा पेटीकडेही बोट केलं असावं, कारण चंद्राबाईंचा आवाज आला, "ती सणाची हाय. तिला हात लावू नको. कागद उंदरानं नेला असंल."

एवढा मोठा कागद नेणारा उंदीर नागावात असता तर त्याला घाण्याला जुंपता आलं असतं. पण राहीने पेटीला हात लावला नाही. सासूचा नियम म्हणजे नियम. तिने इस्पितळाला मुदत मागितली. उत्तर आलं की वैशाखापर्यंत दाखला घेऊन या, त्यानंतर जागा राहणार नाही. म्हणजे वैशाखाच्या आत दाखला मिळाला तर राही जाणार, नाहीतर जन्मभर त्याच माजघरात. आणि दाखला माझ्यापाशी. मी त्याला धरून बसलो होतो आणि पेटी मला धरून बसली होती. रोज रात्री चंद्राबाई पेटीवर डोकं टेकून निजत. कधी कधी त्या झोपेत मुलाचं नाव घेत, कधी राहीचं. त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी माणूस एकच उरलं होतं, आणि मौल्यवान वस्तू कुलपात ठेवायची एवढीच रीत त्यांना ठाऊक होती.

आता कोकणातला पावसाळा तुम्ही जाणता. पेटीत ओल आली. वडिलांनी कागद चिकटवला होता तो कणकेच्या खळीने. ओलीने खळ सुटली, पुठ्ठा फुगला, आणि कागद कडेने माझ्या बुडाला घट्ट चिकटून बसला. गव्हाची खळ, पेसाहच्या टोपात. चंद्राबाईंना वाचता येत नव्हतं, पण खळ कशाची असते हे त्यांना कळत होतं. ठेवताना मात्र लक्षात आलं नाही.

सण उद्यावर आला. कडवटपणा जावा म्हणून महाळुंगाच्या साली कापून पाण्यात ठेवल्याला तिसरा दिवस होता, पाणी रोज बदलायचं. दर वर्षीप्रमाणे मुरुडचा जैनुद्दीन कल्हईवाला आला आणि विहिरीजवळ भट्टी पेटवून भाता ओढू लागला. आंबट पदार्थ तांब्यात शिजवायचा तर आतून कथलाचा ताजा थर लागतोच. चंद्राबाईंनी कुलूप काढलं, हात घालून कागद उचलायला गेल्या, आणि कागद हलेना. नखाने खरवडून पाहिलं. बोटाला पांढरी खळ लागली. त्यांनी ती चोळून पाहिली, वास घेतला. कणकेचीच होती.

तेवढ्यात टोप न्यायला राही आत आली. तिने वाकून माझ्यात पाहिलं. आधी दाखला पाहिला, मग सासूकडे. बाहेर भाता फुसफुसत होता.

मला वाटलं, आता रडारड होईल. राहीने मला उचललं आणि सरळ जैनुद्दीनसमोर नेऊन ठेवलं. त्याने आत ओलं फडकं घातलं, बुडाला जरा ऊब दिली, आणि वाफेने कागद अलगद सुटवला. पुठ्ठा फुकट गेला, कागद शाबूत राहिला. एका कडेला माझ्या तांब्याचा हिरवा डाग तेवढा पडला. माफ करा, तो माझा आहे.

"चंद्राबाय, टोपाची काळजी सोडा," जैनुद्दीन म्हणाला. "लाल तापवून कथील फिरवतो. आगीतून गेला की कोरा. पन या कागदाला आग न्हाय चालायची."

चंद्राबाई दारात उभ्या होत्या. राहीने कागद त्यांच्यापुढे धरला.

"आई, याच्या पाठीला कणकेची खळ आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळनंतर हा घरात ठेवता येत नाही. नियम तुमचाच आहे. एक तर जाळायचा, नाहीतर घराबाहेर द्यायचा. भट्टी पेटलेली आहे. तुम्ही सांगाल ते."

आणि तिने दाखला सासूच्या हातात दिला.

मी भट्टीशेजारी होतो. मला तापायची सवय आहे, पण त्या वेळी मी गार होतो. चंद्राबाई भट्टीपाशी आल्या. निखारे लाल होते. त्यांनी कागद उलटसुलट केला. अक्षरं त्यांना लागत नव्हती, म्हणून त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. लपवायची सगळी जागा घरात होती, आणि घर तर उद्यापासून या कागदाला बंद. मग त्या जैनुद्दीनकडे वळल्या.

"तुझ्याकडं राहील का रं हा आठ दिस?"

"राहील की. आमची शेळी कागद खाते, तर ट्रंकेत ठेवतो."

"आन सण झाल्यावर?"

"झाल्यावर तुम्हाला आनून देतो."

"मला नको," चंद्राबाई म्हणाल्या. "माझ्या हाती देऊ नको. मांडव्याच्या धक्क्यावर हिच्या हाती दे. मुंबईच्या मचव्यात बसली की दे."

राहीने तोंडाला पदर लावला. जैनुद्दीनने कागद बंडीत घातला आणि भाता जोरात ओढला, कारण माणसांनी रडावं हे त्याला कामाच्या वेळी पसंत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून वड्या केल्या. चंद्राबाईंनी राहीला प्रथमच सगळं हाताला धरून दाखवलं: साल उकडून पिळायची कशी, काचेसारखी दिसू लागली की साखर, मग खोबरं, पाक कडेने सुटला की वेलदोडा आणि लगेच ताटात थापायचं. आदल्या दिवशीच्या गोंधळात सालीचं तिसरं पाणी बदलायचं राहून गेलं होतं, म्हणून वड्या कडवट झाल्या. त्या जेवणात गुलामीच्या आठवणीचा कडू पाला खावाच लागतो, त्यामुळे वडीचा कडवटपणा कोणी वेगळा काढला नाही. कथा राहीने वाचली. "आणि ते मोकळे झाले" या ओळीवर या वेळी चंद्राबाईंनी तिला हाताने थांबवलं, आणि मग म्हणाल्या, "वाच पुढं."

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. राही मुंबईला नर्स आहे. रजा मिळाली तर सणाला येते, नाहीतर पत्र येतं. ती पाकिटात पत्र घालत नाही, नेहमी पोस्टकार्ड पाठवते. पाकिटाला डिंक असतो की खळ, कोण सांगणार? चंद्राबाई पोस्टमनकडून कार्ड दोनदा वाचून घेतात, पाठीवरून बोट फिरवून पाहतात, आणि माझ्यात ठेवतात. सणाआधी ती बाहेर निघतात, सणानंतर पुन्हा आत. माझ्यात आता अर्ध्यापर्यंत राही आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जपून ठेवलेल्या वस्तूंना अधूनमधून उजेड दाखवा. घरात कुलूपबंद पेटी असेल आणि आत काय आहे ते आठवत नसेल, तर आजच उघडा. आठवत असेल, तर आधी उघडा.

आमच्या पेटीला चंद्राबाईंनी तेव्हापासून कुलूप लावलेलं नाही. झाकण फार जड आहे, आणि मला ते आतून उघडता येत नाही, ही गोष्ट वेगळी.